घुमटाचा डबा आणि समोर दिसणारा रूळ

मुंबई-पुणे मार्गावरच्या डेक्कन एक्स्प्रेसला 26 जून 2021 पासून काचेच्या छताचा जो डबा लागतो, त्याला आपण सगळेच ‘व्हिस्टाडोम’ म्हणतो. परंतु या नावातला ‘डोम’, म्हणजे घुमट, त्या डब्यात कुठेही नाही. छताला काचा आहेत, खिडक्या ऐसपैस आहेत, खुर्च्या हव्या त्या दिशेला फिरवता येतात, पण पायऱ्या चढून वर जावे आणि गाडीच्या पाठीवर बसावे अशी जागा तिथे नाही. हे नाव मुळात आपले नव्हे. अमेरिकेतल्या शिकागो, बर्लिंग्टन अँड क्विन्सी या रेल्वेने, जिला तिथले लोक नुसते बर्लिंग्टन म्हणत, विसाव्या शतकाच्या चाळिशीत आपल्या एका नव्या प्रकारच्या डब्याला ते दिले होते, आणि त्या डब्याला खरोखरच घुमट होता. तो घुमट कशासाठी होता, तो बांधायला काय करावे लागले आणि तो जगभर का पसरला नाही, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यातूनच काचेचे छत आणि घुमट या दोहोंतला फरक कळतो.

घुमटाच्या डब्याचा मधला भाग डोळ्यांसमोर आणावा. दोन्ही टोकांना तो इतर डब्यांसारखाच असे. मध्यावर मात्र छत कापून त्यातून काचेचा एक लांबट घुमट वर काढलेला असे. डब्यातल्या वाटेने चालत येऊन, अरुंद जिन्याच्या मोजक्या पायऱ्या चढून प्रवासी त्या घुमटात शिरत असे. वर मधोमध चालायला वाट आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन आसने अशा सहा रांगा, म्हणजे एकूण 24 जागा, ही सर्वांत रूढ झालेली मांडणी होती. तिथे बसलेल्या माणसाचे डोळे गाडीच्या बाकी सगळ्या डब्यांच्या छतांपेक्षा वर येत. त्यामुळे पुढच्या डब्यांची छते ओलांडून, अगदी इंजिनाच्याही पलीकडचा रूळ त्याला दिसे. घुमटाचे सगळे सार या एका गोष्टीत आहे. डोक्यावरचे आभाळ दिसणे हा त्याचा दुय्यम लाभ होता. मुख्य लाभ होता तो समोर बघायला मिळण्याचा.

समोर बघण्यात एवढे काय आहे, असे कोणी विचारेल. खिडकीची जागा मिळावी म्हणून आपण सगळेच धडपडतो, पण बाजूच्या खिडकीतून नेमके काय दिसते याचा हिशेब सहसा करत नाही. गाडी ताशी 80 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे 22 मीटर वेगाने धावत आहे आणि रुळालगतचा खांब आपल्यापासून पाच मीटर अंतरावर आहे असे धरू. तो खांब बरोबर खिडकीसमोर येतो त्या क्षणी त्याच्यावर नजर खिळवून ठेवायची, तर डोळे सेकंदाला 250 अंशांच्या वेगाने फिरवावे लागतील. माणसाच्या नजरेला ते झेपत नाही, आणि म्हणून जवळचे गवत, खडी, कुंपण, झाडोरा हे सगळे एका पुसट पट्ट्यासारखे मागे ओढले जाते. तोच खांब अजून 100 मीटर पुढे असताना मात्र त्याची दिशा सेकंदाला जेमतेम अर्धा-पाऊण अंश बदलत असते. म्हणजे डोळ्यावरचा ताण सुमारे 400 पटींनी कमी. घुमटातून दिसणारे जग असे सावकाश येते. पूल आधी लांबवर एखाद्या रेघेसारखा दिसतो, मग त्याच्या कमानी ओळखू येतात, मग खालचे पाणी दिसते, आणि त्यानंतर गाडी त्यावर चढते. बाजूच्या खिडकीत बसलेल्याला पूल कळतो तो चाकांचा आवाज बदलल्यावर.

आणखी एक दृश्य असे आहे की जे खुद्द ड्रायव्हरलाही दिसत नाही. पुढचा सिग्नल हिरवा असतो आणि इंजिन त्याच्याजवळून पुढे जाते. इंजिनाची पहिली चाके पुढच्या टप्प्यात शिरताच, त्या टप्प्याच्या दोन रुळांमधून सोडलेला बारीकसा विद्युतप्रवाह चाकांच्या आसातून परस्पर एका रुळावरून दुसऱ्यावर जातो, सिग्नलच्या यंत्रणेपर्यंत पोहोचत नाही, आणि हिरव्याचा लाल होतो. मागून येणाऱ्या गाडीला थोपवण्याची ही व्यवस्था आहे. सिग्नल बदलतो तेव्हा ड्रायव्हर त्याच्यापुढे निघून गेलेला असतो, पण पाच-सहा डबे मागे घुमटात बसलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत हिरवा दिवा लाल होतो आणि त्यानंतर तो सिग्नल त्याच्या खांद्याजवळून सरकतो. रात्रीच्या काळोखात, घुमटातले दिवे मंद केलेले असताना, मैलामैलावर हे पुन्हा पुन्हा घडताना पाहणे हा घुमटाच्या प्रवाशांचा आवडता विरंगुळा होता.

ही कल्पना ज्याला सुचली तो माणूस इंजिनांच्या धंद्यातला होता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. सायरस ऑस्बॉर्न हे जनरल मोटर्सच्या डिझेल इंजिने बनवणाऱ्या विभागाचे प्रमुख होते. 1944 च्या उन्हाळ्यात, महायुद्ध चालू असताना, कोलोरॅडो राज्यातल्या ग्लेनवुड कॅन्यनमधून ते एका डिझेल इंजिनाच्या केबिनमध्ये बसून चालले होते. कोलोरॅडो नदीने कापलेली ही अरुंद घळ आहे. दोन्ही बाजूंना उभे कडे, तळाशी नदी आणि नदीच्या काठाने रूळ. डब्याच्या खिडकीतून त्या कड्यांचा पायथा तेवढा दिसतो, माथा दिसायला मान वाकडी करावी लागते. इंजिनाच्या काचेतून मात्र सगळी घळ एकदम समोर उलगडत होती. हे दृश्य फक्त ड्रायव्हर आणि फायरमन यांनाच दिसावे आणि तिकीट काढणाऱ्याला दिसू नये, ही गोष्ट ऑस्बॉर्न यांच्या मनाला लागली. सॉल्ट लेक सिटीला पोहोचल्यावर हॉटेलच्या खोलीत बसून त्यांनी घुमटाच्या डब्याची कच्ची आकृती काढली. त्या घळीत पुढे 1950 मध्ये या घटनेचे स्मारकही उभारले गेले.

तशी उंचावरून बघण्याची हौस त्याहून जुनी आहे. विनिपेगच्या टी. जे. मॅकब्राइड या गृहस्थांनी 1891 च्या सुमारास घुमट असलेल्या डब्याचे पेटंट घेतले होते आणि कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने 1902 पासून रॉकी पर्वतात उंचवट्याचे काही डबे चालवूनही पाहिले. ते टिकले नाहीत, याचे कारण माझ्या मते उघड आहे. वाफेच्या इंजिनामागे छताच्या वर काच बसवणे म्हणजे धुराड्याच्या तोंडासमोर आरसा धरणे. धूर, काजळी आणि विझते निखारे सगळे त्याच पट्ट्यातून मागे येतात. दिवसभर उन्हात तापणाऱ्या काचेच्या पेटीत माणसे बसवायची तर वातानुकूलन हवे, आणि तेही त्या काळी नव्हते. ऑस्बॉर्न यांच्या वेळेपर्यंत डिझेल इंजिने आली होती, डबे थंड ठेवण्याची यंत्रे आली होती, आणि फुटली तरी तुकडे न उडणारी दुपदरी काच मोटारींच्या कारखान्यांत सर्रास वापरात होती. घुमट सुचला एका माणसाला, पण त्याची वेळ या तीन गोष्टींनी आणली होती.

बर्लिंग्टन रेल्वेचे अध्यक्ष राल्फ बड यांनी ही कल्पना ताबडतोब उचलली. इलिनॉय राज्यातल्या ऑरोरा येथील आपल्या कारखान्यात त्यांनी ‘सिल्व्हर अल्केमी’ नावाचा स्टेनलेस स्टीलचा एक चालू डबा घेतला, त्याचे छत कापले आणि वर सपाट काचांचा घुमट बसवला. 1945 मध्ये हा डबा ‘सिल्व्हर डोम’ या नव्या नावाने शिकागो आणि मिनीॲपोलिस यांच्यामधल्या गाडीला लागला. लोकांना तो इतका आवडला, की बर्लिंग्टनने फिलाडेल्फियाच्या बड कंपनीकडे नव्या घुमटाच्या डब्यांची मागणी नोंदवली. या कंपनीचे आणि राल्फ बड यांचे आडनाव एकच असले तरी नाते काही नव्हते. जनरल मोटर्सनेही गप्प न बसता 1947 मध्ये पुलमन-स्टँडर्ड कंपनीकडून चार डब्यांची एक नमुना गाडी बांधून घेतली. चारही डब्यांना घुमट, त्यांपैकी एकात तर जेवणाची टेबले. ही गाडी देशभर फिरवून दाखवली गेली आणि 1950 मध्ये युनियन पॅसिफिक रेल्वेला विकली गेली.

आता बांधणीकडे वळू, कारण खरी कसरत तिथे होती. अमेरिकेतला त्या काळचा नवा डबा रुळापासून सुमारे 4.1 मीटर उंच असे आणि घुमटाचा डबा सुमारे 4.8 मीटर. म्हणजे वर जागा मिळाली ती जेमतेम सत्तर सेंटिमीटर. एवढ्यात माणूस बसवायचा आणि त्याच्या खालच्या जागेतही माणसे वावरतील असे करायचे, हे साधे गणित जुळत नाही. म्हणून घुमटाखालची जमीन खाली घ्यावी लागली. डब्याच्या दोन्ही टोकांना चाकांचे संच असतात आणि त्यांच्यावर जमीन उंच ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. पण दोन संचांच्या मध्ये, डब्याच्या पोटाखाली, मोकळी जागा असते. त्या मोकळ्या जागेत जमीन उतरवली की घुमटाखाली एक बुटकी खोली तयार होते. तिच्यात कुठे स्वच्छतागृहे, कुठे छोटी बैठक, कुठे पेयांचे दुकान अशी सोय केली जाई. डब्याच्या एका टोकाकडून दुसरीकडे जाणाऱ्याला आधी दोन-तीन पायऱ्या उतरून, घुमटाखालच्या अरुंद वाटेने डोके सांभाळत जावे लागे आणि मग पुन्हा चढावे लागे. डब्याच्या कण्यासारखी असलेली मधली तुळई अशा रीतीने खाली वाकवल्यावर त्याची ताकद कमी होऊ नये म्हणून बाजूच्या चौकटी भक्कम कराव्या लागत. हे सगळे करून मिळणाऱ्या 24 जागांचे वेगळे भाडे घेतले जात नसे. प्रत्येक प्रवाशाची आपली जागा खाली राखीव असेच. वर कोणीही यावे, बसावे आणि दुसऱ्याला संधी देऊन खाली जावे, अशी रीत होती. साध्या वर्गाच्या प्रवाशांसाठी साध्या डब्यांतले घुमट आणि शयनयानाच्या प्रवाशांसाठी शेवटच्या डब्यातला घुमट असा भेद असे, पण घुमट मुळीच नाही असा वर्ग या गाड्यांत नव्हता. मला या सबंध इतिहासातली ही सर्वांत मोलाची बाब वाटते.

घुमटाच्या डब्याचे सर्वांत सुंदर रूप पाहायचे तर ‘कॅलिफोर्निया झेफर’ या गाडीकडे बघावे. 20 मार्च 1949 रोजी ती सुरू झाली. शिकागो ते सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठचे ओकलंड हा तिचा मार्ग, सुमारे 4,000 किलोमीटरचा, तीन रेल्वेंनी मिळून चालवलेला: डेन्व्हरपर्यंत बर्लिंग्टन, तिथून सॉल्ट लेक सिटीपर्यंत डेन्व्हर अँड रिओ ग्रांड वेस्टर्न, आणि पुढे वेस्टर्न पॅसिफिक. याच दोन टोकांमध्ये दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्या गाड्या कितीतरी तास आधी पोहोचत. वेगात त्यांना हरवणे शक्य नव्हते. म्हणून या तीन रेल्वेंनी वेळापत्रकच वेगळ्या हेतूने आखले. दुपारी शिकागो सोडायचे, सपाट मैदाने रात्री ओलांडायची, सकाळी डेन्व्हरला पोहोचून दिवसाच्या उजेडात रॉकी पर्वत चढायचा, युटा आणि नेवाडाचे वाळवंट पुन्हा रात्री पार करायचे, आणि तिसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात कॅलिफोर्नियातल्या फेदर नदीच्या घळीतून उतरायचे. गाडी उशिरा पोहोचते हा दोष राहिला नाही, कारण प्रवासी पोहोचण्यासाठी बसतच नव्हता.

प्रत्येक गाडीत असे पाच घुमट होते: तीन साध्या खुर्च्यांच्या डब्यांवर, एक उपाहाराच्या डब्यावर आणि एक अगदी शेवटच्या, गोलाकार पाठीच्या डब्यावर. डेन्व्हर सोडले की गाडी नागमोडी वळणे घेत डोंगराच्या अंगावर चढू लागे आणि घुमटातल्या माणसाला आपल्याच गाडीचे इंजिन समोरून वळून, जणू उलट दिशेने, वरच्या अंगाने जाताना दिसे. मग सुमारे 2,800 मीटर उंचीवरचा, जवळजवळ 10 किलोमीटर लांबीचा मॉफट बोगदा. घुमट काळोखाने भरून जाई, काचेत फक्त आपलेच चेहरे दिसत, आणि पलीकडे बाहेर पडताच पाणी प्रशांत महासागराच्या दिशेने वाहू लागलेले असे. तिथून पुढे कित्येक तास कोलोरॅडो नदीची सोबत, आणि त्याच वाटेवर ऑस्बॉर्न यांची ग्लेनवुड कॅन्यन.

मग न्यू यॉर्कच्या बाजूला घुमट का गेले नाहीत? तिकडचे बोगदे आणि पूल फार आधीचे, बुटके. काही मार्गांवर डोक्यावर विजेच्या तारा. डब्याने किती रुंद आणि किती उंच असावे याची प्रत्येक मार्गाची एक अदृश्य चौकट असते आणि तिच्या बाहेर काचेचा एक कोपराही जाऊन चालत नाही. पश्चिमेकडे ही चौकट मोठी होती, पूर्वेकडे लहान. पूर्वेला अपवाद थोडेच; वॉशिंग्टन ते शिकागो जाणारी बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेची ‘कॅपिटॉल लिमिटेड’ ही त्यांतली प्रसिद्ध. तिचा डोंगराळ भाग रात्री येई, म्हणून घुमटाच्या डब्यावर प्रखर दिवे बसवून बाहेरची झाडी उजळवण्याची शक्कल त्या रेल्वेने लढवली होती.

थोडे चांगले तर जास्त आणखी चांगले, या न्यायाने 1952 मध्ये मिलवॉकी रेल्वेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घुमटच घुमट असलेले दहा डबे आणले आणि दोनच वर्षांत सांता फे रेल्वेने त्याच धर्तीवर आपले डबे आणले. मिलवॉकीच्या डब्यात वर 68 जण बसत. दिसायला ते भव्य होते, परंतु सर्वांत पुढच्या रांगा सोडल्या तर बाकीच्यांना समोरचे फारसे दिसत नसे. लांबलचक काचघरात ते पुन्हा बाजूलाच बघत बसत. वजन वाढले, एवढी काच थंड ठेवणे अवघड झाले, आणि ज्यासाठी घुमट बांधायचा तीच गोष्ट हातची गेली. आखूड घुमट हाच खरा घुमट, असे माझे ठाम मत आहे.

कॅनडाने हे ओळखले होते. कॅनेडियन पॅसिफिकने बड कंपनीकडून स्टेनलेस स्टीलचे 173 डबे घेतले आणि 24 एप्रिल 1955 रोजी ‘द कॅनेडियन’ ही गाडी सुरू केली. आखूड घुमटाचे एकूण 36 डबे त्यांत होते. टोरंटो ते व्हँकूव्हर हा प्रवास आजही चार रात्रींचा आहे, आणि गाडीला लागणारे घुमटाचे डबे 1955 चेच आहेत. सत्तर वर्षे बर्फ, खारा वारा आणि रॉकीचे चढउतार सोसून ते चालतात.

अमेरिकेत मात्र ओघ आटला. 1956 पासून महामार्गांचे जाळे पसरले, 1958 नंतर जेट विमाने आली, टपालाची कंत्राटे गेली, आणि 22 मार्च 1970 रोजी कॅलिफोर्निया झेफर आपल्या मूळ रूपात बंद पडली. 1971 मध्ये देशातल्या बहुतेक प्रवासी गाड्या ॲमट्रॅक या सरकारी पाठबळाच्या कंपनीच्या हाती आल्या. ॲमट्रॅकने जुने घुमट काही वर्षे वापरले, पण पुढे पश्चिमेकडच्या गाड्यांना दुमजली डबे आले. संपूर्ण गाडीच दुमजली झाल्यावर तिच्यावर उठून पुढे बघायला जागा उरली नाही. त्या गाड्यांतल्या निसर्ग पाहण्याच्या डब्यात काचा छतापर्यंत वळतात आणि बैठकही सुखाची आहे, तरीही तो डबा बाजूलाच बघतो. युरोपात जर्मनीने 1962 पासून ऱ्हाइन नदीकाठच्या ‘ऱ्हाइनगोल्ड’ आणि तिच्या जोडीच्या गाडीसाठी घुमटाचे पाच डबे बांधले, तेही विजेच्या तारांखालून जाणारे. 1976 मध्ये ते काढून घेतले गेले.

आपल्याकडचा पहिला व्हिस्टाडोम डबा एप्रिल 2017 मध्ये विशाखापट्टणम ते अराकू मार्गावर आला आणि त्याच वर्षी 18 सप्टेंबरला दादर-मडगाव जनशताब्दीला तसा डबा लागला. तेव्हा कोकण रेल्वेवर विजेच्या ताराही नव्हत्या, मग खरा घुमट का नाही केला, असे मनात येते. उत्तर पुन्हा त्या चौकटीत आहे. आपल्या ब्रॉडगेज डब्यांना मोजमापांच्या कोष्टकाने साधारण 4.27 मीटर उंचीची मर्यादा घातली आहे, आणि अमेरिकेचा घुमट तिच्यापेक्षा अर्ध्या मीटरहून अधिक वर जातो. भोर घाटात तर 25,000 व्होल्टची तार आहे; उघड्यावर ती साधारण साडेपाच मीटरवर असली तरी बोगद्यांत आणि जुन्या पुलांखाली त्याहून खाली येते, आणि तिच्यापासून सुरक्षित अंतर राखावे लागते ते वेगळे. म्हणून आपण जमीन होती तिथेच ठेवली आणि छत तेवढे काचेचे केले. पावसाळ्यात पळसदरीच्या पुढे कड्यांवरून कोसळणारे पाणी त्या काचेतून थेट डोक्यावर आल्यासारखे दिसते, आणि ते सुख खोटे नाही.

डेक्कन एक्स्प्रेसच्या डब्याला, तशाच बांधणीच्या इतर डब्यांप्रमाणे, एका टोकाला मोठी काच आहे. ते टोक गाडीच्या शेपटाला मोकळे असेल तर तिथे उभ्या राहिलेल्या प्रवाशाला मागे सरकणारा रूळ दिसतो. पण पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला घाट चढवण्यासाठी मागून बँकर इंजिने लागली, की त्या काचेभर इंजिनाचे तोंडच उरते. समोरचा रूळ कोणालाच दिसत नाही. मंकी हिलच्या अलीकडे वळण आले, की जनरलच्या डब्यातली मुले अजूनही खिडकीच्या गजांना गाल लावून पुढचे इंजिन दिसते का ते बघतात.